रावळगावची गोळी आणि शेठ वालचंद

स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवा, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला आणि दोन दिवसांत सहली, गॅदरिंग, गणिताचा तास हे सगळे विषय वाटून झाले. ते घेणारे माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. मला कोड लिहायची सवय आहे, लेख लिहायची नाही. म्हणून मी वेगळा विषय घेतला : आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात कधी ना कधी असलेली एक वस्तू आणि तिच्यामागचा माणूस. वस्तू म्हणजे रावळगावची गोळी. माणूस म्हणजे शेठ वालचंद हिराचंद. इतिहास शिकवणाऱ्या सरांनी आणि मॅडमनी लाल पेन जवळ ठेवूनच वाचावं ही विनंती.

आपण तिला गोळी कमी आणि चॉकलेट जास्त म्हणायचो. वर्गात वाढदिवसाचं चॉकलेट वाटायचं म्हणजे या गोळ्याच वाटायच्या. खऱ्या चॉकलेटला कोको लागतो आणि रावळगावच्या बहुतेक गोळ्या साखरेच्या. पण आपल्याकडे रंगीत कागदात गुंडाळलेली, तोंडात विरघळणारी कुठलीही गोड वस्तू म्हणजे चॉकलेटच. त्या हिशोबाने आपल्या पिढीची चॉकलेट कंपनी रावळगावच होती. मँगो मूड, कॉफी ब्रेक, चेरी आणि मोठ्या माणसांच्या तोंडीसुद्धा असणारी पान पसंद. दूरदर्शनवर पान पसंदची जाहिरात लागायची, त्यात कडक आवाजात बोलणारी माणसं गोळी तोंडात टाकताच गोड बोलायला लागायची.

रावळगाव हे खरंखुरं गाव आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. आपल्या बाळापूरवरून जाणारा महामार्ग खामगाव, मलकापूर, भुसावळ, जळगाव करत धुळ्याला पोचतो. धुळ्याहून आग्रा रोडने नाशिककडे वळलं की मालेगाव लागतं. त्या मालेगाव तालुक्यात रावळगाव आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे खडकाळ माळ होता.

त्या माळावर पोचायच्या आधी वालचंदशेठ बरंच फिरून आले होते. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, गुजराती दिगंबर जैन, पण सोलापुरात रुजलेलं. वडील हिराचंद नेमचंद यांचा सावकारीचा आणि कापसाचा व्यापार होता. आई जन्मानंतर लगेच गेली. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज पाहून, पदवी न घेताच ते घरच्या धंद्यात आले. तिथे त्यांचं मन रमलं नाही. बसल्या जागी व्याज मोजण्यात आणि माल आज घेऊन उद्या विकण्यात त्यांना गोडी वाटेना.

त्यांना वाट दाखवली ती बार्शी लाइट रेल्वेने. ही आपल्या मूर्तिजापूरच्या शकुंतलेसारखीच अडीच फुटी अरुंद रुळांची गाडी. या रेल्वेच्या कामांच्या निमित्ताने त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक रेल्वेत कारकून होते, त्यांना कामाची माहिती होती. वालचंदांकडे भांडवल आणि धडाडी होती. दोघांनी मिळून रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली आणि फाटक-वालचंद ही कंपनी उभी राहिली. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकाराचा मुलगा यांची ही भागीदारी तेव्हा अनेकांना विचित्र वाटली असेल. पण माती उचलणं, भराव घालणं, पूल बांधणं ही कामं त्यांनी वेळेत करून दाखवली.

पुढे टाटांबरोबर बांधकाम कंपनी झाली. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला तानसा तलावाचं पाणी आणणारी जलवाहिनी अशी मोठी कामं त्यांच्याकडे आली. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली, ती आजही त्याच नावाने आहे. आपल्यातल्या सिव्हिलवाल्यांना ते नाव नवं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. वालचंदांनी आयुष्यभर एकच प्रकारचं भांडण केलं. इथे तयार होणार नाही असं ज्या वस्तूबद्दल इंग्रज सांगत, ती इथेच तयार करायची. १९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्याबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं लॉयल्टी नावाचं जुनं जहाज विकत घेतलं आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून इंग्लंडला निघालं. आजही ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात तो या प्रवासासाठी.

त्या वेळी भारताच्या किनाऱ्यावरची मालवाहतूक लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या हाती होती. नवा प्रतिस्पर्धी दिसताच त्यांनी भाडं पाडलं. हा खेळ आपल्याला ओळखीचा आहे : मोठा दुकानदार काही महिने तोट्यात विकतो, छोट्याचं शटर खाली येतं, मग भाव पुन्हा वर. सिंदिया कंपनी त्यात बुडाली नाही, पण १९२३ मध्ये तिला करार करावा लागला आणि किती जहाजं चालवायची, कुठे चालवायची यावर बंधनं आली. वालचंदांना तो करार जाचला, तरी त्यांनी कंपनी टिकवली आणि १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर तिचं अध्यक्षपद सांभाळलं.

याच काळात त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं. रावळगावला त्यांनी मोठी पडीक जमीन घेतली. बांधकामाच्या कंत्राटदाराने शेती करावी हे लोकांना चमत्कारिक वाटलं. त्यांनी मात्र शेतीही कंत्राटासारखीच केली. इंजिनियर, रसायनतज्ज्ञ आणि शेतीतले जाणकार नेमले, दगडगोटे काढले, जमीन सपाट केली, पाण्याची सोय केली आणि ऊस लावला. कारखाना त्यानंतर आला.

कारखान्याला सरकारी धोरणाचाही हात लागला हे सांगायला हवं. तोपर्यंत आपल्याकडची बरीचशी पांढरी साखर जावा बेटावरून यायची. १९३२ मध्ये सरकारने बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशात साखर कारखाने भराभर उभे राहू लागले. वालचंदांचा ऊस तेव्हा तयार होता. १९३३ मध्ये रावळगाव शुगर फार्म ही कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ दुसरा साखर उद्योग आला आणि त्या वसाहतीचं नाव वालचंदनगर पडलं. त्यांचे भाऊ गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद हेही या उद्योगांत होते. सहकारी साखर कारखान्यांची लाट महाराष्ट्रात यायला अजून बराच अवकाश होता.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा वालचंद साठीकडे झुकलेले होते. या वयात माणसं जपमाळ हातात घेतात. त्यांनी विमान, जहाज आणि मोटार ही तिन्ही कामं एकदम हातात घेतली. १९३९ मध्ये अमेरिकेहून निघालेल्या विमानात त्यांना विल्यम पॉली हा विमान उद्योगातला अमेरिकन भेटला. त्या ओळखीतून, म्हैसूर संस्थानच्या भागीदारीने, डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला त्यांच्या जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. मोटारीसाठी फोर्डशी केलेली बोलणी फिसकटली, मग क्रायस्लरशी जमलं, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली. मुंबईची ती काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी याच कंपनीची.

हे सगळं त्यांच्या हाती राहिलं का? नाही. विमानाच्या कारखान्यातला त्यांचा हिस्सा सरकारने १९४२ मध्येच युद्धाच्या गरजेपोटी विकत घेतला. आज तो कारखाना हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणून आपल्याला माहीत आहे. विशाखापट्टणमच्या कारखान्यात बांधलेलं जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं, पण १९५२ मध्ये त्या कारखान्यातही सरकारचा हिस्सा मोठा झाला. सिंदिया कंपनी आणि प्रीमियर पद्मिनी दोन्ही विसावं शतक संपता संपता थांबल्या.

आणि ज्या १९४२ मध्ये विमानाचा कारखाना हातचा गेला, त्याच वर्षी रावळगावला गोळ्या तयार होऊ लागल्या. वालचंदांच्या कामांच्या यादीत ही अगदी तळाची नोंद असेल. बोगदे, जहाजं, विमानं यांच्या शेजारी चार आण्याच्या गोळीला कोण विचारणार? पण मला या माणसाच्या विचारांची पद्धत सगळ्यात स्वच्छ दिसते ती इथेच.

इंजिनियर म्हणून थोडं तपशिलात सांगते. अशी गोळी करायला साखर आणि ग्लुकोजचा पाक सुमारे दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. एवढ्या तापमानाला पाकातलं जवळजवळ सगळं पाणी उडून जातं. ग्लुकोज घालायचं कारण असं, की नुसत्या साखरेचा पाक थंड होताना पुन्हा दाणेदार होतो. ग्लुकोज त्या दाण्यांना जुळू देत नाही, म्हणून गोळी काचेसारखी पारदर्शक राहते. मग रंग आणि स्वाद मिसळायचा, लगदा ऊबदार असतानाच ओढून त्याची दोरी करायची, साच्यात तुकडे पाडायचे, गार करायचे आणि लगेच कागदात गुंडाळायचे. उशीर झाला तर हवेतला ओलावा शोषून गोळी चिकट होते. पावसाळ्यात दप्तरात विसरलेल्या गोळीचं काय व्हायचं ते आठवा. यात लागणारा सगळ्यात मोठा कच्चा माल म्हणजे साखर, आणि साखर रावळगावला दारातच तयार होत होती.

म्हणजे माळाची शेती झाली, शेतीतून ऊस आला, उसाची साखर झाली आणि साखरेची गोळी झाली. हे सगळं एकाच गावात. पोत्यातली साखर कुठलीही असो, ती साखरच. ती पोत्यातून बाहेर पडली की तिच्या गावाचं नाव संपतं. गोळीच्या कागदावर मात्र गावाचं नाव छापता येतं. वालचंदांचं नाव वालचंदनगरला आहे, सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. गोळीवर मात्र रावळगाव हे गावाचं नाव आलं आणि ते गाव न बघितलेल्या लाखो पोरांच्या तोंडी बसलं. त्यात आपणही आलो.

असा विचार करणारे ते एकटे नव्हते. अमेरिकेत मिल्टन हर्शी याने आधी कॅरमेलचा धंदा केला, १९०० मध्ये तो दहा लाख डॉलरला विकला आणि चॉकलेटचा कारखाना शहरात न बांधता पेन्सिल्व्हेनियातल्या आपल्या जन्मगावच्या परिसरात, दुभत्या गाईंच्या शेतांमध्ये बांधला. कारण मिल्क चॉकलेटला ताजं दूध लागतं. पुढे त्या वस्तीचंच नाव हर्शी झालं. इंग्लंडमध्ये कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या बाहेर मोकळ्या जागेत कारखाना नेला आणि त्याभोवती बोर्नव्हिल हे गाव वसलं. तीच कॅडबरी भारतात आली १९४८ मध्ये, म्हणजे रावळगावच्या गोळ्या सुरू झाल्यावर सहा वर्षांनी, आणि तीही सुरुवातीला बाहेरून आणलेलं चॉकलेट विकण्यासाठी.

वालचंदांना १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. त्यांच्या पत्नी कस्तुरबाई यांनी शेवटपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्यांना मुलगा नव्हता. उद्योग भावांच्या घरांत वाटले गेले. रावळगाव त्यातलं एक.

रावळगावच्या गोळीची पुढची गोष्ट तुम्ही बातम्यांत वाचली असेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगाव शुगर फार्मने पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक आणि बाकी सगळ्या गोळ्यांची नावं, कृती आणि हक्क रिलायन्सच्या कंपनीला २७ कोटी रुपयांना विकले. कंपनीने दिलेली कारणं साधी होती. साखर, इंधन, मजुरी सगळं महागलं, पण गोळीची किंमत वाढवता येईना. त्यात संघटित आणि असंघटित दोन्ही बाजूंनी स्पर्धा. रुपयाच्या गोळीचा भाव दीड रुपया करता येत नाही, हे आपल्यातला कुठलाही किराणा दुकानदार सांगेल. सुट्टे नसले की दुकानदार जी गोळी हातावर ठेवतो, तिला भाव वाढवायची ताकद कुठून येणार?

सत्तावीस कोटी ही रक्कम पुण्यात माझ्या कंपनीच्या आसपासच्या इमारतींत काही मोजक्या फ्लॅटांची आहे. ती वाचून मला वाईट वाटलं, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. ऐंशी वर्षं एका खेड्यात तयार झालेल्या वस्तूने त्या खेड्याचं नाव देशभर नेलं, ही गोष्ट त्या रकमेत धरलेली नाही.

मला हा माणूस आपल्या स्मरणिकेत का आणावासा वाटला, त्याचं कारण आता सांगते. आपला वऱ्हाड पऱ्हाटीचा मुलूख. जलंबहून खामगावला जाणारी रेल्वे १८७० मध्ये टाकली गेली ती कापूस बाहेर न्यायला. दीडशे वर्षं झाली, अजूनही आपला कापूस जिनिंगमध्ये सरकी काढून, गाठी बांधून बाहेरच जातो. सूत दुसरीकडे, कापड तिसरीकडे, शर्ट चौथीकडे. त्या शर्टावर अकोला किंवा बाळापूर हे नाव मी कधी वाचलेलं नाही. पोत्यातल्या साखरेसारखीच आपल्या गाठीची गत आहे.

आणि हे फक्त कापसाचं नाही. मी वीसहून जास्त वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. मी लिहिलेला कोड लाखो लोक वापरत असतील, पण त्यावर नाव असतं दुसऱ्या देशातल्या कंपनीचं. आपण पगार घेतो, तो चांगला असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्या बॅचची यादी पाहिली तर निम्मे जण पुणे, मुंबई, नागपूर, बेंगळुरू आणि थेट परदेशात आहेत. आपणही एक प्रकारे गाठी बांधून बाहेर गेलेला मालच आहोत. आईवडील बाळापुरात आणि आपण दिवाळीला चार दिवस.

वालचंदांची नक्कल करा असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे वडिलांचं भांडवल होतं, कंत्राटांतून मिळालेला पैसा होता. ऊस आपल्या खारपाणपट्ट्यात होणार नाही आणि होऊही नये. आपल्या विहिरींचं पाणी कसं लागतं ते आपल्याला माहीत आहे. त्यांचे कितीतरी उद्योग त्यांच्या हातून गेले, हेही मी वर लिहिलंच आहे. त्यांच्याकडून घेण्यासारखी एकच गोष्ट मला दिसते. गावात जे पिकतं त्याच्यावर शेवटची प्रक्रिया गावातच करायची, आणि जे बाहेर पाठवायचं त्यावर गावाचं नाव घालून पाठवायचं.

बाळापूरला हे अगदीच परकं नाही. मन आणि म्हैस नदीच्या संगमावरचा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिला आहे, पण याच गावात एके काळी हातकागद तयार व्हायचा आणि इथल्या विणकरांची पागोटी बाहेर विकली जायची. तो धंदा संपला, पण गावाच्या अंगात तो होता.

आपल्या बॅचमध्ये जिनिंग चालवणारे आहेत, कृषी केंद्रवाले आहेत, बँकेत कर्ज मंजूर करणारे आहेत, शाळेत शिकवणारे आहेत आणि माझ्यासारखे संगणकवाले तर ढीगभर आहेत. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर गाण्याच्या भेंड्या ठेवल्या आहेत असं ऐकलं. त्यातला एक तास मला हवा आहे. तूर, सरकी, कापूस, हळद, जे काही आपल्या तालुक्यात निघतं, त्यातल्या कुठल्या एका वस्तूच्या पाकिटावर बाळापूर असं छापून ती विकता येईल, एवढाच प्रश्न बोलायचा. हिशोबाची वही मी आणते. जिनिंगवाल्यांनी आणि बँकवाल्यांनी खरे आकडे घेऊन यावं, आणि सर-मॅडमनी आमचं चुकतंय कुठे ते नेहमीप्रमाणे सांगावं.